नाताळ चर्चमधला की घरातला?

जालन्याची सून:
आमच्याकडे आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारपासूनच नाताळचे वेध लागतात. यंदा मात्र दोन्ही दीर पुण्याहून 25 तारखेला सकाळी येणार, उपासना व जेवण आटोपून संध्याकाळी परतणार, कारण इतक्या माणसांना झोपायला घरात जागा नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. सासरे काहीच बोलले नाहीत. उन्हात टाकलेल्या गाद्या तेवढ्या त्यांनी घडी करून पुन्हा माळ्यावर ठेवल्या. नाताळचा अर्थ ख्रिस्तजन्माच्या उपासनेत असेल, तर एकत्र राहण्याचा आग्रह शास्त्राला धरून आहे, की ती केवळ आपली सवय आहे?

परभणीची वाचक:
उपासना महत्त्वाची आहेच. परंतु पंधरा माणसांचे रांधणे, करंज्या-अनारसे आणि अंथरुणे यांचा भार कोणावर पडतो, हेही या चर्चेत यायला हवे. माझ्या माहेरी 24 च्या रात्री कुटुंबप्रार्थनेत बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, म्हणजे ख्रिस्तजन्माची कथा, वाचला जाई, तेव्हा आई स्वयंपाकघरातूनच ऐकत असे.

निवृत्त पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू), उदगीर:
परभणीच्या भगिनींची तक्रार रास्त आहे. आमच्या घरीही फार वेगळे नव्हते. मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे, तर त्याच अध्यायातील सातवे वचन सावकाश वाचावे. ‘उतारशाळेत जागा नव्हती’ असे आपण वाचतो, पण तिथला मूळ ग्रीक शब्द ‘कातालुमा’ असा आहे आणि लूक तोच शब्द येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही वापरतो, तर जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या शोमरोन्याच्या दाखल्यातील धर्मशाळेसाठी त्याने निराळा शब्द योजला आहे. त्यामुळे ती पाहुण्यांची खोली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. नावनोंदणीसाठी मरीयेला घेऊन योसेफ गेला तोही दावीद राजाच्या कुळाचा म्हणून बेथलेहेमला, म्हणजे आपल्या मूळ गावी. तेव्हाच्या साध्या घरांत जनावरे रात्री आतच बांधत आणि गव्हाणही तिथेच असे, हे शहरातल्या माणसाला पटवून द्यावे लागते. आपल्याकडे ज्यांनी एकाच छपराखाली बैल बांधलेले पाहिले आहेत, त्यांना ते चटकन कळते. या वाचनाप्रमाणे येशूची आई मरीया हिचे बाळंतपण परक्या दारात नव्हे, तर आधीच भरलेल्या घरात झाले आणि बाळाला जागा मिळाली ती गव्हाणीत. तेव्हा जागा नाही ही सबब नाताळच्या दिवशी तरी मला लंगडी वाटते. मात्र मुलगे राहणार असतील, तर सकाळची भांडी त्यांनी घासावीत.

जालन्याची सून:
आपले उत्तर मी सासऱ्यांना वाचून दाखवले. त्यांनी गव्हाणीपर्यंतचा भाग दोनदा वाचायला लावला आणि मग स्वतःच फोन केला. धाकटे दीर 24 च्या रात्रीच येत आहेत. थोरल्यांची मात्र रजा खरोखरच मंजूर झालेली नाही. भांड्यांचे वाक्य मी धाकट्यांना वेगळे पाठवले आहे.