समुद्राला धडकून परत आलेला क्रू: याला अपयश म्हणायचं का?

भटक्या७१
परवा दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या रुर खोऱ्यातल्या धरणांवर झालेल्या ब्रिटिश हल्ल्याची चर्चा चालली होती. तिथे एकाने लिहिलं, "बॉम्ब न टाकताच जे माघारी आले त्यांचं कौतुक कशाला?" हे मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

16 मे 1943 च्या रात्री ब्रिटिश हवाईदलाच्या 617 स्क्वाड्रनची 19 लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं इंग्लंडमधल्या स्कॅम्प्टन तळावरून निघाली. माणसं 133. त्यातली 8 विमानं परत आली नाहीत, 53 जण गेले. त्यातलं पायलट जेफ्री राइसचं विमान सॉर्प धरणाकडे चाललं होतं. रडारला चुकवायचं तर पाण्याला जवळजवळ चिकटूनच उडायला हवं. व्लीलँड हे डच बेट ओलांडलं आणि विमान पाण्यावर आपटलं. पोटाखालचा चार टनांचा बॉम्ब उखडून गेला, शेपटीचं चाक आत घुसलं, आणि राइसने नाक वर उचलताच आत शिरलेलं पाणी मागे धावलं. शेपटीच्या टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनच्या कोठडीत, स्टीफन बर्न्स बसला होता. तो कमरेपर्यंत पाण्यात, आणि त्या पाण्यात विमानातल्या केमिकल संडासाचा माल मिसळलेला. अशा अवस्थेतलं विमान राइसने स्कॅम्प्टनला आणून सुखरूप उतरवलं.

पुढे काय झालं ते फार कुणी सांगत नाही. सप्टेंबरमध्ये हाच क्रू जर्मनीतल्या डॉर्टमुंड-एम्स कालव्यावर हल्ल्याला गेला. पुन्हा रात्र, पुन्हा खालून उड्डाण, वर धुकं. 8 विमानं गेली, 5 पडली. राइस परतलेल्या तिघांतला. 20 डिसेंबरला लीएजच्या मोहिमेत बेल्जियमवर त्यांचं विमान पाडलं गेलं. राइस वाचला, बेल्जियन लोकांनी त्याला काही महिने लपवलं, शेवटी तो जर्मनांच्या हाती लागला. बाकी सहाही जण गेले. बर्न्ससुद्धा. मे महिन्यात त्या पाण्यातून जिवंत आलेली तीच माणसं. त्यांना "काम न करता परतलेले" म्हणणं मला सहन होत नाही.

मेघना क.
भटक्या, तुमची कळकळ समजते, पण मी त्या आधीच्या प्रतिसादाच्या बाजूने आहे. मोहीम धरणं फोडण्याची होती. 34 जणांना पदकं मिळाली ती धरणापर्यंत पोचून हल्ला केल्याबद्दल. राइसच्या क्रूचा त्यात नंबर लागला नाही यात अन्याय कसला? लेस मन्रोचं विमानही त्याच रात्री परतलं, पण त्याला विमानविरोधी तोफेचा मार बसला होता, आपसात बोलायची सोयच उरली नव्हती. राइसच्या बाबतीत शत्रूचा हात नव्हता. उंची सांभाळणं हे पायलटचंच काम. नंतरचं बलिदान मोठंच आहे, पण ते त्या रात्रीच्या हिशेबात धरता येत नाही.

जुना फिटर
मेघनाताई, "उंची सांभाळणं पायलटचं काम" हे बरोबर, पण कशाच्या जोरावर सांभाळणार? त्या विमानातला अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, हवेच्या दाबावर चालणारा. जमिनीवर लावून दिलेला दाब तासा-दीड तासाने, दुसऱ्या ठिकाणी, तसाच राहत नाही. हजार फुटांवर पन्नास फुटांची चूक कुणाला कळतही नाही, इथे मात्र तेवढ्यात जीव जातो. बॉम्ब टाकताना 60 फूट नेमके साधायला पोटाखाली दोन दिवे बसवले होते, त्यांचे झोत पाण्यावर एकत्र आले की उंची बरोबर. पण शत्रूच्या किनाऱ्यालगत ते दिवे लावून कोण उडेल? आणि चांदण्यात शांत पाणी किती खाली आहे हे डोळ्यांना कळतच नाही. सरावातही टाकलेल्या बॉम्बच्या पाण्याच्या उसळीने मन्रो आणि दुसरा पायलट मॉड्स्ली यांची विमानं जायबंदी झालीच होती. 617 चा कमांडर गिब्सनने राइसला दोष दिला नाही तो उगाच नाही.

मेघना क.
गिब्सनचंच म्हणताय तर पायलट अँडरसनचंही बोला. तोही त्याच रात्री धरणावर बॉम्ब न टाकता, तो तसाच घेऊन परत आला. धुकं होतं, मागच्या मशीनगन अडकल्या होत्या. गिब्सनला ते आवडलं नाही आणि त्या क्रूची रवानगी जुन्या 49 स्क्वाड्रनमध्ये झाली. कमांडरने कुठेतरी रेघ मारायचीच असते. राइसकडे टाकायला बॉम्बच उरला नव्हता, अँडरसनकडे होता. फरक तेवढाच, पण तो खरा आहे.

भटक्या७१
अँडरसनचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण मला सर्वांत जास्त तेच खुपतं. परत पाठवलेल्या त्या सात जणांनी काय केलं? बॉम्बिंगलाच जात राहिले. 23 सप्टेंबरला मॅनहाइमच्या मोहिमेत सातही जण एकत्र मारले गेले. घाबरट माणसं असं करत नाहीत. पहाट जवळ आलेली, धरण सापडत नाही, शेपटीकडून संरक्षण नाही, अशा वेळी सात जीव घेऊन माघारी वळणं हा पायलटचा निर्णय होता आणि मला तो योग्य वाटतो. गिब्सन शूर होता, पण तिथे तो चुकला.

अनुजा, डॉर्टमुंड
मी म्योने धरणापासून फार लांब राहत नाही. तुम्ही सगळे कुणाला पदक मिळायला हवं होतं यावर बोलताय. म्योने फुटल्यावर खाली नेहाइमला जी छावणी वाहून गेली तिच्यात पूर्वेकडून जबरदस्तीने कामाला आणलेल्या बायका होत्या, बहुतेक सोव्हिएत. त्या रात्री हजारावर माणसं बुडाली, त्यात अर्ध्याहून जास्त असे मजूर आणि कैदी. नाझींनी धरून आणलेल्या त्या मुली ब्रिटिशांच्या पाण्यात मेल्या. राइसचा बॉम्ब समुद्रात गेला याचं मला तरी जराही वाईट वाटत नाही.

जुना फिटर
अनुजा, त्या बायकांबद्दल बोललात ते फार गरजेचं होतं. पण दोन गोष्टींची गल्लत नको. लक्ष्य ठरवणारे वेगळे, उडणारे वेगळे. ब्रिटिश हवाईदलाच्या बॉम्बर कमांडचे युद्धात 55,000 हून अधिक लोक मेले, त्यातले बहुतेक विशी-पंचविशीचे.

अनुजा, डॉर्टमुंड
गल्लत नाही करत. बर्न्ससाठीही मला वाईट वाटतं. पण "मोहीम फसली म्हणजे माणूस कमी पडला" हे मोजमाप मेघनाताईंनी लावलं, आणि ती मोहीम काय होती हे त्या मोजमापात येतच नाही.

मेघना क.
येत नाही, मान्य. तरीही पदक कशाबद्दल दिलं जातं यावरचं माझं मत तेच आहे. अँडरसनच्या क्रूला स्क्वाड्रनमध्ये ठेवायला हवं होतं का, यावर मात्र मी भटक्यांशी वाद घालणार नाही. सप्टेंबरमध्ये कालव्यावर 5 विमानं गमावल्यावर 617 ला अनुभवी माणसं हवीच होती, आणि अँडरसन तेव्हा दुसऱ्याच तळावरून उडत होता.