बीएमआय नॉर्मल आला की झालं का?

दोनपोरांचीआई: शाळेच्या तपासणीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) नॉर्मल आला ना, मग मूल सुदृढ. पोरांना टेपा लावायची थेरं बंद करा आता.

पुणेकरबाबा: सकाळपासून ही पोस्ट डोक्यात जातेय. बीएमआयला चरबी किती नि स्नायू किती हे कळतच नाही हो! पुण्यातच केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी दाखवलंय, आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ ची, पण पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही, मार बसतो तो स्नायूंना. २००४ साली त्यांनी नि युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांनी स्वतःचेच आकडे छापले, दोघांचा बीएमआय २२.३, चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१.

दोनपोरांचीआई: मग काय घरोघरी डेक्सा, म्हणजे चरबी-स्नायू मोजणारा स्कॅन, काढायचा? माझ्या मोठ्याला सहाव्या वर्षी शाळेने बीएमआय १५ म्हणून अंडरवेटचा शिक्का मारला, सासूबाईंनी डब्यात तुपाचे लाडू कोंबले, पोरगं रडकुंडीला. डॉक्टरांनी वयाचा चार्ट काढला तर जवळजवळ मध्यावर! शाळेने मोठ्या माणसांचा १८.५ च्या खाली अंडरवेट हा नियम लावला होता.

पुणेकरबाबा: मग चूक चार्टची, मोजण्याची कुठे? पाच वर्षांपर्यंत डब्ल्यूएचओचा, पुढे आयएपीचा, म्हणजे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, २०१५ चा.

अंगणवाडीताई: चार्टवरून भांडताय, आधी उंची नीट घेतं का कुणी? दोन वर्षांखालचं बाळ झोपवून, वरचं उभं करून, दोन्हीत ०.७ सेंमीचा फरक. एकीने डोकं धरायचं, एकीने गुडघे दाबायचे, बाळ पाय झाडतंय, आणि मदतनीस खिचडीपाशी. वर आकडे भरायच्या पोषण ट्रॅकर ॲपला रेंज नाही.

पुणेकरबाबा: ताई, आमच्या गावी खुर्चीत बसून भरलेल्या उंच्या पाहिल्यात मी.

अंगणवाडीताई: एकीने भरल्या म्हणून सगळ्यांना झोडायचं? माझ्या दंडघेराच्या पट्टीवर एक पोर ११.५ सेंमीच्या खाली लालमध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात, आलं, घरचे म्हणत होते बारीकच आहे तो, बापावर गेलाय. त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं म्हणून वाचलं. टेपेला थेरं म्हणताना जरा विचार करा.

पुणेकरबाबा: तुमचं बोलत नव्हतो. पण चुकीच्या उंचीवर बीएमआय काढला तर सगळाच घोळ, एवढं तरी मान्य करा.

अंगणवाडीताई: मी पहिल्यापासून तेच सांगतेय.

दोनपोरांचीआई: बरं, टेपेबद्दलचा शब्द मागे. पण वर्गासमोर आकडे ओरडून वाचायचे नाहीत, पडद्याआड मोजा, यावर मी हटणार नाही.

अंगणवाडीताई: पडद्याला आधी खोली लागते. आमची अंगणवाडी देवळाच्या ओसरीत भरते.