हॉटेलात गेल्यावर पथ्य पाळायचं का सोडायचं?

कृष्णाकाठची: रविवारी आईपप्पांना घेऊन विश्रामबागला जेवायला गेलेलो. पप्पांना शुगर आणि बीपी दोन्ही. अख्खा मसूर मागवला, म्हटलं कडधान्यच आहे, चांगलंच की. वाटी आली तर वर नुसता कट तरंगतोय, मी चमच्यानं काढत बसले तर तीन मोठे चमचे तेल निघालं. एका चमच्याला 120 कॅलरी धरा, म्हणजे दोन भाकऱ्या जास्तीच्या पोटात गेल्या असत्या आणि कळलंपण नसतं. पथ्य असलेल्यानं हॉटेलातसुद्धा ते पाळावं, आणि घरच्यांनी ऑर्डर देतानाच बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

रांगडा_सांगलीकर: ताई, अजिबात पटलं नाही. महिन्यातनं एकदा बाहेर जायचं आणि तिथंपण चमचे मोजायचे? रोज घरात चार कप गोड चहा आणि भडंग चालतंय त्याचं बघा आधी. आमच्या वडिलांना पण शुगर होती, आम्ही प्रत्येक घासाला टोकायचो, शेवटी त्यांनी आमच्याबरोबर यायचंच सोडलं. आता ते नाहीत. मला आजपण त्याचं वाईट वाटतंय.

कृष्णाकाठची: वाचून गलबललं दादा. पण ताटावर बसल्यावर टोकणं वेगळं आणि आधीच भाकरी सांगून ठेवणं वेगळं, नाही का?

कुपवाड_शिफ्टवाला: महिन्यातनं एकदा हे घरी जेवणाऱ्यांसाठी ठीक आहे ओ. मी एमआयडीसीत आहे, दोन्ही वेळचं जेवण बाहेर. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी मेन्यूवर कॅलरी लिहायचा नियम आहे, पण आमच्या ढाब्याला तो कुठं लागू होतोय? आम्ही बघायचं कशावरनं?

मिरजेची_खानावळ: मी खानावळ चालवते म्हणून सांगते. कट कमी घातला तर गिऱ्हाईकच म्हणतंय आज भाजी पानचट झाली, म्हणून आम्ही घालतो. पण पातेल्यात तेल वरच येतं, त्यामुळं "पळी तळातनं घाला, वरचा कट नको" एवढं सांगितलं तरी भरपूर फरक पडतो, आणि कुठलाच वाढपी त्याला नाही म्हणत नाही. मीठ मात्र ग्रेव्हीत आधीच पडलेलं असतं, ते काढता येत नाही. दिवसभराचं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, म्हणून बीपीवाल्यांनी लोणचं पापड तरी सोडावं, ताक बिनमिठाचं मागावं. आणि शिफ्टवाले भाऊ, तळलेलं घेताना कढईत बघा, तेल काळपट झालेलं असेल, फेस येत असेल, धूर मारत असेल तर ते परत परत वापरलेलं असतंय, तिथं वडाभजी खाऊ नका.

रांगडा_सांगलीकर: तळातनं वाढायचं पटलं, त्यात कुणाचा हिरमोड होत नाही. पण हॉटेलात गेल्यावर माणसाला त्याच्या आवडीचा एक घास द्याच, यावर मी ठाम आहे.

कृष्णाकाठची: पप्पांना आत्ताच विचारलं. भाकरी चालेल म्हणाले, लोणचं पण सोडतो म्हणाले, पण कट थोडा पाहिजेच. एक चमचा ठरलाय.