बघून शिकणे : ‘अनुकरण’ म्हणावं की ‘उचलणे’?

प्रश्न :
शिक्षक होऊ घातलेल्या मुलींसाठी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या प्रयोगांवर टिपण लिहिते आहे. पुस्तकांत ‘निरीक्षणात्मक अध्ययन’ असतं. शब्द चुकीचा नाही, पण मुली तो पाठ करतात आणि अर्थ बाजूलाच राहतो. ‘अनुकरणाने शिकणे’ चालेल का? की नक्कल, कित्ता गिरवणे यांपैकी काही जास्त जवळचं आहे?

उत्तर :
‘नक्कल’ नको. मूळ अरबी शब्द, सातबाराच्या नकलेत तो हुबेहूब प्रतीच्या अर्थाने शाबूत आहे; माणसाची नक्कल म्हटलं की मात्र वेडावणं किंवा करमणूक आठवते. ‘कित्ता’ही अरबीतूनच आला. गिरवायला समोर ठेवलेलं वळणदार अक्षर म्हणजे कित्ता, त्यामुळे कुणीतरी मुद्दाम धडा घालून दिलाय हे त्यात गृहीत आहे. मूल घरात जे बघतं ते कुणी मुद्दाम घालून दिलेलं नसतं.

‘अनुकरण’ म्हणजे मागोमाग करणं. खरी अडचण इथेच आहे, कारण त्यात ‘करणं’ आलं. 1961 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बांडुरा आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या 72 मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुल्याला बडवताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी पुढे तसंच बडवलं, शब्दही तेच वापरले. इथपर्यंत ‘अनुकरण’ पुरतं. पण 1965 च्या प्रयोगात काही मुलांना त्या बडवणाऱ्याला शिक्षा झालेली दाखवली. ती मुलं तसं कमी वागली. मग सर्वांना सांगितलं, त्याने काय काय केलं ते करून दाखवा, बक्षीस मिळेल. तेव्हा शिक्षा पाहिलेली मुलंही इतरांइतकंच करून दाखवू लागली. म्हणजे शिकणं आधीच झालं होतं, करणं तेवढं थांबलं होतं. याला अनुकरण कसं म्हणणार?

माझं मत ‘उचलणे’ला. ‘हे कुठून उचललंस?’ असं आपण मुलाला विचारतो ना? लकब उचलतात, शिवी उचलतात, भजनाची चाल उचलतात. उचललेलं लगेच बाहेर पडेलच असं नाही. पाहुण्यांसमोर पडतं तेव्हा आपल्याला कळतं.

आणखी एकजण :
‘गुण लागणे’ राहिलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. इथे वाण म्हणजे रंग.

उत्तर :
म्हण सुंदर आहे, पण तिचं व्याकरण बघा. गुण पवळ्याला लागतो, पवळ्या स्वतः काहीच करत नाही. बांडुरांनी लक्ष देणं, लक्षात ठेवणं, करता येणं आणि करावंसं वाटणं अशा चार गोष्टी सांगितल्या. त्यातल्या पहिल्या दोन तर शिकणाऱ्याच्या आत चाललेल्या असतात. ‘उचलणे’त मूल कर्ता राहतं, म्हणून तो शब्द मला जास्त खरा वाटतो. आमच्या आईला भाकरी कुणी शिकवली विचारलं तर म्हणते, ‘शिकवलं कुणी? बघून बघून आली.’ हे ‘येणे’ही मोलाचं आहे, पण ते कौशल्यापुरतं. भाकरी येते, पोहणं येतं. राग काढायची तऱ्हा ‘येते’ असं कुणी म्हणत नाही.

प्रश्नकर्ती :
पटलं. एकच शंका. ‘उचलणे’ म्हणजे चोरणंही होतं, ‘उचलेगिरी’ म्हणतातच. परीक्षेत मुली तो शब्द लिहितील का?

उत्तर :
परीक्षेसाठी ‘निरीक्षणातून शिकणे’ ठेवा, पारिभाषिक शब्द म्हणून तो स्वच्छ आहे. टिपणाच्या मजकुरात मात्र ‘मूल वागणं उचलतं’ असं एकदा लिहा आणि लगेच खाली 1965 चा प्रयोग सांगा. चोरीचा अर्थ तिथे आड येणार नाही, कारण समोरच्याचं काही कमी होत नाही. ‘अनुकरण’ 1961 च्या परिच्छेदात वापरा. तिथे मुलं खरोखरच मागोमाग करत होती.