अमेरिकेतलं विद्यार्थी कर्ज : ‘रॅप’ ही सुधारणा की तीस वर्षांचा हप्ता?

मुद्दल_आधी

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’ कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून सरकारी विद्यार्थी कर्ज नव्याने घेणाऱ्यांपुढे परतफेडीच्या दोनच वाटा आहेत. एक, ठरावीक हप्त्यांची स्टँडर्ड योजना, कर्जाच्या रकमेनुसार १० ते २५ वर्षांची. दुसरी, उत्पन्नावर आधारलेली ‘रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन’, म्हणजे रॅप. रॅपमध्ये उरलेल्या कर्जाची माफी ३० वर्षांवर गेली म्हणून ओरड चालू आहे. माझ्या मते खरा जाच होता तो हप्ते भरूनही फुगत जाणाऱ्या थकबाकीचा, आणि तो रॅपने मिटवला.

हिशोब पाहा. कर्ज ३०,००० डॉलर, व्याज ६ टक्के, म्हणजे महिन्याला १५०. एजीआय (ठरावीक वजावटींनंतरचं ढोबळ उत्पन्न) २८,००० असेल तर रॅपचा दर २ टक्के, हप्ता साधारण ४७ डॉलर. हप्ता वेळेवर भरला की उरलेलं १०३ डॉलर व्याज माफ. वर सरकार मुद्दलातून तेवढेच ४७ कमी करतं (मर्यादा ५०). जुन्या आयबीआरमध्ये (उत्पन्नावर आधारलेली आधीची परतफेड योजना) हप्ता ३८ च्या आसपास, पण ११२ डॉलर व्याज महिन्यामागून महिने साचत राहतं.

खालचा_स्लॅब

उदाहरण सोयीचं निवडलंत! १५,००० उत्पन्नाचा एकटा माणूस घ्या. आयबीआर दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंतच्या उत्पन्नाला हात लावत नाही (२०२५ च्या आकड्याने एकट्यासाठी २३,४७५), म्हणून हप्ता शून्य, आणि तो शून्याचा महिनाही माफीसाठी मोजला जातो. रॅपमध्ये साडेबारा डॉलर. काहीच कमाई नसली तरी किमान १० आहेतच.

दुसरं, उत्पन्नानुसार दर ठरवणारे रॅपचे स्लॅब आयकरासारखे नाहीत. दर पूर्ण उत्पन्नाला लागतो. ५०,००० ला ४ टक्के म्हणजे वर्षाला २,०००. ५०,००१ ला ५ टक्के म्हणजे २,५००. एका डॉलरच्या पगारवाढीला ५०० डॉलरचा भुर्दंड. आणि स्लॅब महागाईशी जोडलेले नाहीत, त्यामुळे पगार नुसता महागाईबरोबर वाढला तरी माणूस वरच्या दरात ढकलला जाणार.

मुद्दल_आधी

महागाईचा मुद्दा मान्य, ती त्रुटीच आहे. उंबरठ्यावर असणाऱ्याला मात्र पारंपरिक ४०१(के) मध्ये (नोकरीतलं निवृत्ती बचत खातं) थोडी जास्त रक्कम टाकून एजीआय खाली आणता येतो. शिवाय दर अवलंबितामागे हप्त्यातून महिना ५० डॉलर वजा होतात.

एकशेवीस_हप्ते

दर आणि वर्षं यांवरच भांडताय. माफी आजवर अडली ती कागदांत. सार्वजनिक सेवेतल्यांसाठीची कर्जमाफी योजना, पीएसएलएफ, २००७ ची; १२० हप्ते पुरे झालेले पहिले कर्जदार ऑक्टोबर २०१७ मध्ये पात्र झाले आणि सुरुवातीचे जवळजवळ ९९ टक्के अर्ज फेटाळले गेले. अनेकांची कर्जं बँकांमार्फतच्या जुन्या एफएफईएल प्रकारची होती, काहींची परतफेड योजना चुकीची होती, काहींचे हप्ते भरायचेच होते. २०२१-२२ च्या तात्पुरत्या सवलतीत हप्ते मोजण्याची पद्धत सैल केली, तेव्हा कुठे माफ्या वाढल्या.

म्हणून नोकरीचं प्रमाणपत्र दरवर्षी भरून घ्या, दहाव्या वर्षापर्यंत थांबू नका. मालकाचा ईआयएन (ओळख क्रमांक) डब्ल्यू-२ वरूनच, म्हणजे पगार-कराच्या वार्षिक दाखल्यावरूनच उतरवा. आणि १ जुलै २०२६ नंतर कर्जांचं एकत्रीकरण केलं तर ते नवं कर्ज धरलं जातं, आयबीआर गेली. पालकांनी घेतलेल्या पॅरेंट प्लस कर्जांना तर रॅप मिळतच नाही. त्यांचं एकत्रीकरण त्या तारखेआधी झालं नसेल तर उत्पन्नावर आधारित वाटच उरत नाही.

खालचा_स्लॅब

बरोबर, पण मूळ हिशोब अर्धाच राहिलाय. तेच २८,००० उत्पन्न कायम धरा. रॅपमध्ये ३६० हप्त्यांत भरणा १६,८००. आयबीआरमध्ये (१ जुलै २०१४ नंतरच्या नव्या कर्जदारांसाठी १० टक्के, २० वर्षं) २४० हप्त्यांत साधारण ९,०५०. म्हणजे नव्या कर्जदाराला जवळजवळ दुप्पट पैसे आणि दहा वर्षं जास्त. थकबाकी फुगलेली दिसली तरी शेवटी ती माफच व्हायची, मग कागदावरच्या आकड्याची भीती कशाला?

मुद्दल_आधी

भीती कराची. २०२१ च्या कायद्याने दिलेली केंद्रीय करमाफी ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. पीएसएलएफची माफी करमुक्तच आहे, पण उत्पन्नाधारित योजनांमधली माफी पुन्हा करपात्र. तुमच्या उदाहरणात आयबीआरवाल्याला विसाव्या वर्षी सुमारे ५७,००० माफ होतील आणि ते त्या एकाच वर्षाच्या उत्पन्नात मिळवले जातील. रॅपवाल्याचे उरतात १३,२००.

खालचा_स्लॅब

माफीच्या क्षणी देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर जेवढी जास्त, तेवढ्या रकमेवर कर लागत नाही. विवरणपत्रासोबत फॉर्म ९८२ जोडायचा. २८,००० वर वीस वर्षं काढलेल्या माणसाकडे मालमत्ता असणार किती?

एकशेवीस_हप्ते

त्या हिशोबात निवृत्तीखात्यातली शिल्लकही मालमत्ता म्हणून धरतात. वर सुचवलेलं ४०१(के) तिथे आडवं येईल.