गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर पायाला कायमची सूज: आधी बँडेज की स्टॉकिंग?

उचगाव_फाटा:
नमस्कार. आईसाठी विचारतोय. वय 58. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढल्यात, नंतर रेडिएशनही झालं. आता डावा पाय पावलापासून मांडीपर्यंत सुजतो. गुडघ्याच्या वाटीखाली 10 सेंमीवर डाव्या पायाचा घेर 42 सेंमी भरतो, उजव्याचा 36. सकाळी थोडा उतरलेला असतो, पण पूर्ण नाही. बोटाने दाबलं की खड्डा पडतो. शिरांच्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) गुठळी नाही. क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, थायरॉइड सगळं नॉर्मल. शुगर आहे, गोळ्यांवर आटोक्यात असते.

सध्या लघवीची गोळी चालू आहे. क्रेप बँडेज दुपारपर्यंत घसरून घोट्यापाशी गोळा होतं. मांडीपर्यंतचा तयार स्टॉकिंग (दाब देणारा लांब मोजा) आणला, तर त्याची वरची कड गुंडाळत खाली येते आणि तिथे खोल वळ उठतो. कोल्हापुरात कुणाकडे जायचं, आणि यातलं नेमकं काय चुकतंय?

शेंडा_पार्क:
ही सूज बहुधा लिम्फेडेमाची, म्हणजे ग्रंथी काढल्याने लसिका (शरीरातला पाणीदार द्रव) अडून आलेली. क्रम चुकतोय. स्टॉकिंगने सूज उतरत नाही. उतरलेली सूज परत भरू नये एवढंच त्याचं काम. फुगलेल्या पायाच्या मापाचा स्टॉकिंग घेतला तर आठवड्याभरात सैल होतो, आणि लहान घेतला तर मांडीला करकचून बसतो. गुंडाळलेल्या कडेखाली दाब दुप्पट होतो आणि त्या दोरीखाली पाणी आणखी अडतं. वळ उठणारा तो स्टॉकिंग आजच बंद करा.

लघवीच्या गोळीचं म्हणाल तर या सुजेत साठलेल्या द्रवात प्रथिनं असतात. गोळीने पाणी तेवढं निघतं, प्रथिनं तिथेच राहतात आणि पाणी पुन्हा ओढून घेतात. मात्र गोळी बीपी किंवा हृदयासाठी लावलेली असेल तर परस्पर सोडू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

एक साधी खूण घरी पाहता येते. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरा. उचललीच जात नसेल तर लिम्फेडेमाची शक्यता फार मोठी. उचलली गेली म्हणून मात्र तो नाही असं ठरत नाही.

कॅन्सरच्या रुग्णात सूज अचानक वाढली, नव्याने दुखू लागली किंवा जांघेत गाठ लागली, तर बँडेजच्या आधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवायचं. आजार परत आलेला नाही ना, हे पाहण्यासाठी ते स्कॅन सांगतील. हे टाळू नका, एवढी कळकळीची विनंती.

त्यानंतर सीपीआर या सरकारी हॉस्पिटलची सर्जरी ओपीडी आणि फिजिओथेरपी, किंवा ऑपरेशन जिथे झालं तिथलाच फिजिओथेरपी विभाग. फिजिओथेरपिस्टला थेट विचारा: लिम्फेडेमाचं बहुपदरी बँडेजिंग करता का? घरच्या माणसाला शिकवाल का? नुसतं हवेच्या पंपाचं मशीन लावून पाठवणार असतील तर दुसरीकडे बघा. त्याने उतरलेला पाय बँडेजशिवाय संध्याकाळपर्यंत पुन्हा भरतो, शिवाय आईंच्या बाबतीत पाणी मांडीच्या मुळाशी आणि गुप्तांगाकडे सरकून तिथे सूज येऊ शकते.

कसबा_बावडा:
बँडेजिंगबद्दल सविस्तर लिहितो. पहिली बांधणी शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या, मग घरी.

क्रेप खूप ताणतं. बसल्या-झोपल्याही आवळत राहतं, पण चालताना स्नायू फुगला की त्याच्याबरोबर पसरतं, त्यामुळे आतलं पाणी ढकललं जात नाही. लागतं ते शॉर्ट-स्ट्रेच बँडेज. ते कमी ताणतं, म्हणून पोटरी आकसली की आतून भिंतीसारखं अडतं आणि लसिकेला वर ढकलतं. दुकानात हाच शब्द वापरा, नाहीतर पुन्हा क्रेपच हातात पडेल. पूर्ण पायाला साधारण 8 सेंमी रुंदीचा 1 रोल, 10 चे 2–3 आणि 12 चे 3–4 लागतात. शिवाय आतून सुती नळीसारखी जाळी, मऊ पॅडिंगचे रोल आणि बोटांसाठी अरुंद गॉज.

पाय धुऊन, मलम लावून, आधी जाळी चढवा. बोटं सुजत असतील तर प्रत्येकाला गॉज. मग पॅडिंग. घोट्यामागच्या खळग्यात, नडगीवर आणि पावलाच्या वरच्या बाजूला थोडं जास्त, कारण व्रण पडतात ते हाडावरच. पाऊल नडगीशी काटकोनात धरायला सांगा. पाऊल खाली सोडलेलं असताना बांधलं की उभं राहिल्यावर घोट्यापुढे चुण्या पडतात आणि त्या कापतात. 8 चा रोल बोटांच्या मुळापासून, मग 10 चे पोटरीवर, 12 चे मांडीवर. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढवायचा. ताण खालपासून वरपर्यंत सारखाच ठेवा. मांडीचा घेर मोठा असल्याने तेवढ्याच ताणाला दाब आपोआप कमी भरतो, आणि तसाच हवा. मांडी जाड म्हणून तिथे जास्त ओढणं, ही नेहमीची चूक. शेवट चिकटपट्टीने करा, लोखंडी क्लिप नको.

बांधून झाल्यावर नख दाबून सोडा, 2–3 सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. मुंग्या, बधिरपणा, निळसर बोटं, ठणका यांपैकी काहीही झालं तर थोडं चालून बघा. तरी कमी नाही झालं तर सोडा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

सुरुवातीचे 2 ते 4 आठवडे जवळपास दिवसरात्र बांधलेलं आणि रोज नव्याने. बँडेज असतानाच चालणं आणि पाऊल वरखाली करणं गरजेचं आहे, नुसतं बांधून पलंगावर बसलं तर निम्मा फायदा गेला. घोट्यापासून दर 4 सेंमीवर खूण करून, त्याच वेळी माप वहीत लिहा. लागोपाठच्या मापांत फरक पडेनासा झाला की सकाळी बँडेज सोडल्या सोडल्या स्टॉकिंगचं माप द्यायचं. तयार नको, मापाचा, सपाट विणीचा (फ्लॅट-निट). सूज मांडीच्या मुळापर्यंत असल्याने कमरेपर्यंतचा घेतला तर गुंडाळण्याचा प्रश्नच राहत नाही. रात्री काढायचा, सकाळी उठल्या उठल्या रबरी हातमोजे घालून चढवायचा. दोन जोड हवेत, धुणं आलटून पालटून होतं. सुमारे 6 महिन्यांनी दाब उतरतो, तेव्हा बदला.

उचगाव_फाटा:
खूप आभार. शुगर असताना एवढं आवळलेलं चालेल का? आणि हा खर्च जनआरोग्य योजनेत बसतो का?

शेंडा_पार्क:
हा प्रश्न बँडेजच्या आधी सुटायला हवा. तुमचा डॉपलर शिरांचा आहे. आता धमन्यांचा करा. घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीने भागून येणारा आकडा 0.5 च्या खाली असेल तर दाब द्यायचाच नाही, 0.5 ते 0.8 मध्ये कमी दाब, तोही देखरेखीखाली. शुगरमध्ये धमन्या कडक होऊन हा आकडा खोटाच चांगला दिसतो, म्हणून धमन्यांच्या लहरींचा आलेख किंवा अंगठ्याचा दाब पाहायला सांगा. तळव्याला स्पर्श कळतो का तेही तपासून घ्या. बधिर पायाला बँडेज कापलेलं कळत नाही.

महात्मा फुले योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर आणि मुख्यतः भरती रुग्णांसाठी चालते. ओपीडीतलं बँडेज, स्टॉकिंग त्यातून मिळेल असं धरून चालू नका. रेशन कार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) एकदा विचारून घ्या.

पंचगंगा_घाट:
कातडीचं कुणी लिहिलं नाही, आणि पाय कायमचा बिघडतो तो इथूनच. साठलेल्या लसिकेत जंतू झपाट्याने वाढतात आणि प्रत्येक धावऱ्यानंतर (कातडीला जंतुसंसर्ग होऊन पाय लाल-गरम होतो त्यानंतर) लसिकावाहिन्या आणखी खराब होतात. जंतूंना शिरायला वाट लागते ती बोटांमधल्या चिखल्यांची, टाचेच्या भेगांची, उसाच्या पाल्याने ओढलेल्या ओरखड्याची.

रोज साध्या पाण्याने आणि साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्यांत सुती कापड घालून टिपा. बेचक्यांत ओल किंवा पांढरी कातडी दिसली तर डॉक्टरांना विचारून बुरशीचं मलम. बाकी पायाला साधं मॉइश्चरायझर, बेचक्यांत नाही. मॉइश्चरायझर रात्री लावा, सकाळी लावलं तर स्टॉकिंग चढत नाही आणि खराबही होतो. गरम शेक, जोर लावून तेलमालिश पूर्ण बंद. नवरात्रात अनवाणी राहायचं व्रत असेल तर आईंना यंदा समजवा. नवी कोल्हापुरी चप्पल अंगठ्यापाशी घासते, त्यापेक्षा मागे पट्टा असलेली मऊ सँडल बरी. पुराच्या पाण्यात तो पाय घालायचाच नाही.

थंडी वाजून ताप, पाय लाल आणि गरम, असं दिसलं की बँडेज काढायचं, लालीच्या कडेने पेनने रेघ मारायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. अँटिबायोटिकचा कोर्स बऱ्याचदा 14 दिवसांपर्यंत चालतो, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. वर्षात दोनदा असं झालं तर पुढचे झटके टाळणाऱ्या पेनिसिलिनबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा.

तपासणीसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जात असाल तर खालचा बर्थ मागा, रात्रभर पाय उशीवर ठेवा आणि दाब पायावर असू द्या. बँडेज की स्टॉकिंग, हे निघण्याआधी फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवा.