मदत हवी आहे: मोल्डरला सुपरवायझर केलं, तो परत मशीन मागतोय

मंडळी नमस्कार,

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, मी प्रॉडक्शन बघतो. ग्रे आयर्न (साधं बीड) आणि एसजी (मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट बीड) दोन्ही ओततो. अडचण भट्टीची नाही की वाळूची नाही, सुपरवायझरांची आहे.

दिवाळीनंतर मोल्डिंग (वाळूचे साचे करणं), पोअरिंग (लोखंड ओतणं) आणि फेटलिंगमधल्या (ओतलेला माल साफ करणं) तिघा जुन्या हातांना सुपरवायझर केलं. तिघंही कामाला एक नंबर. मोल्डिंगवाला तर वाळू मुठीत दाबून मोडतो आणि ओलावा सांगतो, लॅबचा आकडा मागाहून येतो. तोच आता म्हणतो, "साहेब, मला माझं मशीन परत द्या."

परवा दुसऱ्या पाळीत वाळू ओली झाली, मालात ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, यायला लागले. मिक्सरवरचा ऑपरेटर याच्याच गावचा आणि वयानं मोठा. त्याला "अण्णा, पाणी कमी करा" म्हणायला याला जड गेलं. मग स्वतःच मिक्सरवर उभा राहिला, वाळू जाग्यावर आणली. तोवर पलीकडच्या मशीनवर नवीन पोरानं कोअर (मालात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) नीट न बसवता साच्याचे बॉक्स बंद केले, ते कुणी बघितलंच नाही. सकाळी पाळीच्या रजिस्टरमध्ये "काम व्यवस्थित" एवढंच लिहिलेलं.

ट्रेनिंग दिलं नाही असं नाही. दोन दिवस हॉटेलात नेलं. इंग्रजी स्लाइडी, गट पाडून कागदाचे मनोरे. जेवण झकास होतं, एवढीच आठवण सांगतात.

वर पैशाचा घोळ. पगार वाढला, पण सुपरवायझर झाला म्हणून ओव्हरटाइम बंद. ऑपरेटरला जादा तासांचा दुप्पट दर मिळतो, त्यामुळं महिनाअखेर हाताखालचा माणूस याच्यापेक्षा जास्त घेऊन जातो. घरी बायको विचारते, बढती झाली ती कसली? उत्तर माझ्याकडंही नाही.

कामगार निम्मे ओडिशा-बिहारचे, निम्मे आसपासच्या गावांतले. जोतिबाची यात्रा किंवा ऊसतोड आली की हजेरी ढासळते आणि माणसं जुळवायची जबाबदारी यांच्याच डोक्यावर. अशा माणसाला शॉपवर उभं राहून काय शिकवावं, कसं शिकवावं? कुणी केलं असेल तर सांगा. पुस्तकी नको.

---

उद्यमनगरकर: हॉटेलातलं ट्रेनिंग सोडा. टीडब्ल्यूआय म्हणून जुनी पद्धत आहे, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री. 1940 साली अमेरिकेत युद्धाच्या तयारीत सुरू झाली. कारखान्यात नवखे लोक लोंढ्यानं आले, त्यांना पटकन शिकवायचं कसं हा प्रश्न होता. युद्धानंतर ती जपानला गेली आणि तिथं मुरली. त्यातले तीन मुख्य भाग म्हणजे काम शिकवणं, माणसं सांभाळणं आणि कामाची पद्धत सुधारणं. प्रत्येक भाग दहा तासांचा, रोज दोन तास, पाच दिवस.

पोअरिंगवाल्याला बसवून कागदावर तीन रकाने काढा: पायरी, त्यातली खुबी, कारण. म्हणजे "मळी (वितळलेल्या लोखंडावरची घाण) काढा", "लॅडल (ओतायचं भांडं) तिरकं करण्याआधी", "नाहीतर ती साच्यात जाते". "ओता", "धार तोडायची नाही, साच्याच्या तोंडाचा कप भरलेला ठेवायचा", "धार तुटली की हवा आणि मळी आत ओढली जाते". एसजी असेल तर "ठरलेल्या मिनिटांच्या आत", कारण मॅग्नेशियम उडून जातं. जुन्या माणसाला हे सगळं येतं, पण हाताला येतं, तोंडाला नाही. कागद झाला की तो शिकवू शकतो. आधी करून दाखवायचं, मग शिकणाऱ्याकडून करून घ्यायचं आणि करताना खुबी नि कारण त्याच्याच तोंडून वदवायचं. मग सोडून द्यायचं, पण अधूनमधून बघत राहायचं. तुमच्या कोअरवाल्या पोराला असं कुणी शिकवलं होतं का?

रात्रपाळी: मी स्वतः गोकुळ शिरगावला सुपरवायझर आहे, दुसऱ्या बाजूनं सांगतो. मॅनेजर थेट ऑपरेटरला फोन लावतो, "तो पॅटर्न (साच्याचा नमुना) काढ, हा चढव". मला ऑपरेटर येऊन सांगतो. मग माझं कोण ऐकणार? तुमच्याकडं असं होत नसेल तर चांगलंच. दुसरं म्हणजे अधिकार लिहून द्या. वाळू बिघडली तर लाइन थांबवायची मुभा त्याला आहे का? थांबवली तर सकाळी टनेजवरून, म्हणजे किती टन माल निघाला त्यावरून, कोण बोलणार? हे ठरलेलं नसलं की शहाणा माणूस स्वतः मिक्सरवरच उभा राहतो.

आणि वडीलधाऱ्याला सगळ्यांसमोर सांगायचं नसतं. पाळी सुरू व्हायच्या आधी चहाला घ्यायचं, "अण्णा, आज वाळूकडं तुम्ही बघा, लॅबचा आकडा तुम्हालाच आणून देतो" म्हणायचं. तो मान राखतो.

धागाकर्ता: दोघांचे आभार. फोनचं म्हणाल तर आमच्याकडं प्लॅनिंगवाले सर्रास करतात, उद्यापासून बंद करायला लावतो. लाइन थांबवायची मुभा तोंडी आहे, पण टनेजचा हिशेब सकाळी त्यालाच विचारला जातो, त्यामुळं ती नसल्यासारखीच. उद्यमनगरकर, मोल्डिंगवाला लिहायला कचरतो. कागद कुणी भरायचा?

उद्यमनगरकर: तो बोलेल, लॅबमधलं पोरगं लिहील. अट एकच, वाचून त्यालाच दाखवायचं आणि त्याच्या शब्दांत ठेवायचं. आणि ओडिशाच्या पोरांसाठी हिंदीतही करा.

पगारपत्रक: पैशाचं मी बोलतो. कुणाला जादा तासांचे पैसे लागू आणि कुणाला नाही, हे पदाच्या नावावर ठरत नाही. प्रत्यक्ष काम काय करतो आणि पगार किती यावर अवलंबून असतं, तेव्हा आधी कायद्याचा माणूस गाठा. ओव्हरटाइम बसतच नसेल तर बढतीआधीच्या वर्षभराची घरी नेलेली रक्कम काढा, ओव्हरटाइम धरून. नवा पगार तिच्या वर ठेवा. मालक कुरकुरला तर ब्लो होलमुळं परत भट्टीत गेलेल्या मालाचा हिशेब त्याच्यापुढं ठेवा. वीज दोनदा जळते ना त्यात.

धागाकर्ता: हा हिशेब काढतो. मोल्डिंगवाल्याला आठवडाभर थांब म्हणालोय. तोवर कोअर बसवण्याचा पहिला कागद करून इथं टाकतो, चुका काढा.